आबासाहेबांची उजवी चप्पल

आबासाहेब राऊत कोणाच्याही घरी गेले की डावी चप्पल उंबऱ्याबाहेर काढत आणि उजवी हातात धरून आत येत. खुर्ची मिळाली की ती खुर्चीखाली ठेवत, टाच भिंतीकडे करून. चहा पिताना मधूनच वाकून ती जागेवर आहे ना ते बघत. नव्या माणसाला याचं नवल वाटलं तर त्याला विचारायची संधी देत, म्हणजे तो विचारेपर्यंत चप्पल या पायाजवळून त्या पायाजवळ सरकवत राहत.

"हिने पोरं उठवल्येत," मग ते सांगत. "बाहेर ठेवून कसं चालेल?"

आमचं गाव अलिबागच्या खाली, रेवदंड्याच्या अलीकडे. त्यांची नारळ-सुपारीची वाडी आणि माझी वाडी यांच्यात एक कुंपण, आणि त्या कुंपणाला त्यांनी बोलण्यासाठी पाडलेलं एक भगदाड. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे, म्हणून ते मला प्रोफेसर म्हणत. त्या शब्दात आदर किती आणि कीव किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. स्वतःच्या नावातलं 'साहेब' त्यांनी स्वतःच लावून घेतलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, लोकांनी लावायची वाट बघत बसलो असतो तर आयुष्य आबा म्हणूनच गेलं असतं. कोणताही वाद ते एका वाक्याने संपवत: "हे माझं मत नाही, हा अनुभव आहे."

चपलेचा अनुभव गणपती विसर्जनाच्या दिवशी आला. फिट आली की चामड्याची चप्पल हुंगवायची, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. अडचण चामड्याची होती. खारं पाणी आणि पुळणीतली वाळू यांत चामडं टिकत नाही, त्यामुळे गाव कधीच रबरावर आणि प्लॅस्टिकवर गेलेलं. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर रिक्षावाल्या नामदेवची मुलगी दीक्षा एकाएकी पडली, हातपाय झाडू लागली. चारी बाजूंनी चपला पुढे आल्या आणि "रबराची नको, रबराची नको" असा ओरडा झाला. तेवढ्यात कोणाला तरी आबासाहेब आठवले. ते किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रात निघालेल्या गणपतीला थांबवून त्याच्यासमोर भाषण करत होते. त्यांच्या पायात अलिबागच्या मोच्याकडून शिवून घेतलेली, करंजेल पाजून काळी पडलेली, फळीसारखी जाड चप्पल. ती पायातून उपसली गेली आणि हातोहात, डोक्यांवरून, गुलालातून पुढे सरकत दीक्षापर्यंत पोचली. तोवर पोरीचे हातपाय थांबून डोळे उघडत आले होते. पण एवढ्या लांबून आलेली वस्तू परत कशी पाठवायची? कुणीतरी ती नाकाला लावली. दीक्षाने तोंड फिरवलं. ते शुद्धीवर आल्याचं लक्षण मानलं गेलं. माझ्या मते त्या चपलेपुढे बेशुद्ध माणसानेही तोंड फिरवलं असतं.

उपसली गेली ती उजवी होती, म्हणून गुण उजवीत आहे असं ठरलं. डावी साधी चप्पल म्हणूनच जगली.

पुढे आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. चप्पल मागायला आलेल्या माणसाला आबासाहेब म्हणत, "ती एकटी जात नाही." मग कोट चढवून ते स्वतः नामदेवच्या रिक्षात बसत. मुलगी बरी झाल्याच्या उपकारापोटी नामदेव त्यांना कुठेही नेई.

"तुम्ही पोचायच्या आधीच फिट थांबली तर?" मी एकदा भगदाडातून विचारलं.

"थांबतेच. ही घरातून निघाली की तिकडे फरक पडायला लागतो."

"आणि पोचूनही थांबली नाही तर?"

"मग नामदेव हळू चालवत असतो."

ग्रामपंचायतीने सत्कार केला. व्यासपीठावर पाट, पाटावर चप्पल, चपलेवर झेंडूचं फूल. कुंकू लावायचं की नाही यावर बरीच चर्चा होऊन, पट्ट्याला लावावं, तळाला लावू नये, असा तोडगा निघाला. शाल आबासाहेबांना मिळाली. त्या दिवशीचा फोटो त्यांच्या ओटीवर आहे. एकाच पायात चप्पल असल्याने ते फोटोत थोडे कललेले दिसतात. टाळ्या वाजत होत्या तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी त्यांना देवळातही असे डोळे मिटताना पाहिलं नव्हतं.

त्यांचा मुलगा उरणला बंदरात नोकरीला होता आणि शनिवारी घरी येई. सून शुभांगी आणि नात मनू मात्र इथेच असत. मनू दुसरीत होती. एकदा ती माझ्या ओटीवर बसून घावन खात होती. "काका, तुमच्या मांजरीला," असं म्हणाली आणि थांबली. पापण्या किंचित फडफडल्या, घावनाचा तुकडा हातात तसाच राहिला, नजर माझ्यावर होती पण माझ्यापर्यंत येत नव्हती. मग काहीच झालं नाही अशा आवाजात तिने वाक्य पुरं केलं, "पिल्लं कधी होणार?"

मी आबासाहेबांना सांगितलं. ते प्रसन्न झाले.

"एकाग्रता. घराण्यात आहे. माझे आजोबा जेवता जेवता असे थांबत."

"मग?"

"मग जेवत."

शाळेतल्या बाई याला एकाग्रता म्हणत नव्हत्या. मुलीचं लक्ष नसतं, पाढा अर्ध्यावर सोडते, हाक मारली तर ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्गातली मुलं तिला 'हँग' म्हणू लागली, अडकलेल्या मोबाइलसारखी म्हणून. शुभांगी कमी बोलणारी बाई. तिने सासऱ्यांशी वाद घातला नाही. मनू थांबली की मोबाइलवर व्हिडिओ काढत गेली आणि ते अलिबागच्या डॉक्टरांना दाखवून आली. डॉक्टर म्हणाले, हीसुद्धा फिटच आहे, मुंबईला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

"ज्या घरात चप्पल आहे त्या घरात फिट?" आबासाहेब म्हणाले. फिट म्हणजे फेस, फिट म्हणजे हातपाय. ही तर नुसती बसून असते. पण विरोधात त्यांचं मन फार वेळ रमलं नाही, कारण दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की हे खरं मानलं तर उपायही घरातच आहे. मनू थांबली रे थांबली की ते चप्पल तिच्या नाकाशी नेत. मनू लगेच हलायची. एकदाही फसलं नाही.

"सातत्य बघा, प्रोफेसर," ते म्हणाले. "कोणत्या गोळीत आहे एवढं?"

मुंबईचं जाणं पुढे ढकललं गेलं. याच दिवसांत मनूने गणित करायचं सोडलं. वही उघडली की रडायची. शुभांगीने विचारून पाहिलं, बाईंनी विचारून पाहिलं. शेवटी भगदाडातून डोकं काढून मनूने ते मला सांगितलं, कारण बहुधा मी विचारलं नव्हतं.

"काका, गणित केलं की आजोबांची चप्पल येते."

"कुठून येते?"

"काय माहीत. आधी नसते. मग एकदम असते."

तिच्या बाजूने पाहिलं तर तसंच होतं. मधला वेळ तिच्यासाठी घडलेलाच नसे. सात अधिक पाच आणि बरोबर त्याच्यापुढे, कसलीही सूचना न देता, नाकाखाली एक काळं चामडं. कोणत्याही बुद्धिमान मुलीने यातून काढावा तोच निष्कर्ष तिने काढला होता. मी हे शुभांगीला सांगितलं. तिने त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन केला आणि सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, सोमवारी आम्ही जातोय. तुम्ही येताय की नाही?"

आबासाहेब येणार होतेच. डॉक्टरला प्रश्न विचारायला वाचणारा माणूस हवा म्हणून त्यांनी मलाही घेतलं. मांडव्याहून बोटीने निघालो. चप्पल त्यांनी मांडीवर ठेवली होती, आणि शेजारच्या गुजराती शेटजींनी विचारायच्या आतच तिचा इतिहास त्यांना सांगितला होता.

दवाखान्यात मनूच्या डोक्याला वायरी चिकटवल्या. तपासणीच्या खोलीत शिरताना तिथल्या मुलीने आबासाहेबांना अडवलं.

"आजोबा, चप्पल बाहेर."

"ही आत लागते."

"बाहेर रॅक आहे."

सबंध आयुष्यात त्यांच्याशी इतकं थोडक्यात कोणी बोललं नव्हतं. ते गेले आणि रॅकवर ठेवून आले. आम्ही दोघं दारात उभे राहिलो. मनूच्या हातात एक भिरभिरं दिलं आणि जोरजोरात फुंकत राहायला सांगितलं. पडद्यावर पुष्कळ रेघा आपापल्या लहरीत चालल्या होत्या. भिरभिरं गरगरत होतं. मग ते मंदावलं. मनूची फुंकर थांबली, पापण्या फडफडल्या आणि पडद्यावरच्या त्या सगळ्या रेघा एकदम, एका मापात, वरखाली उड्या मारू लागल्या.

आबासाहेब पळाले. त्या वयात, त्या गुळगुळीत फरशीवर, अनवाणी. रॅकपाशी कुणाच्या तरी सँडल्स खाली पडल्याचा आवाज आला. चप्पल छातीशी धरून ते दारात परत आले तेव्हा रेघा पुन्हा आपापल्या वाटेने चालल्या होत्या आणि मनू भिरभिरं फुंकत होती.

"संपलं?" त्यांनी मला विचारलं.

"संपलं."

त्यांनी चपलेकडे पाहिलं, दुसऱ्याच कोणाची उचलली की काय अशा नजरेने.

डॉक्टरबाई तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही सभांना जाता का?"

"मी अध्यक्ष असतो."

"मग तुम्हाला लगेच समजेल. मेंदूत वेगवेगळे भाग असतात आणि ते सारखे एकमेकांशी बोलत असतात. एक ऐकतो, एक आठवून देतो, एक हाताला सांगतो की लिही. ज्याची त्याची पाळी असते. आता समजा, वक्ता बोलतोय आणि मध्येच सगळ्या सभेने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी, एका तालात."

"चांगली सभा," आबासाहेब म्हणाले.

"वक्त्याचं ऐकू येईल?"

या बाजूने आबासाहेबांनी टाळ्यांकडे कधी पाहिलं नव्हतं.

"कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेवढा वेळ मनू नसते. तीच फिट. काही क्षणांत आपोआप थांबते."

"थांबली की सभा पुढे चालू. मग बिघडलं कुठे?"

"दिवसभर घडोघडी अशा टाळ्या वाजल्या तर सभेत काही ठरेल? त्यात मुलांच्या मेंदूत या भागांना जोडणाऱ्या वाटा अजून तयार होत असतात. जिथून ये-जा होते ती वाट पक्की होते. जिथे सारखा खंड पडतो ती कच्ची राहते, कधी भलतीकडेच वळते. लक्ष देणं, लक्षात ठेवणं, याच्या वाटा याच वयात घडतात. म्हणून ही नुसती क्षणभर थांबण्याची गोष्ट नाही. मधल्या वेळातही तिला अवघड जात असतं."

"वाडीतल्या पाटासारखं," आबासाहेब हळू म्हणाले. "पाणी जात राहिलं नाही तर पाट बुजतो."

"साधारण तसंच."

शुभांगीने विचारलं, "जे बुजलं असेल ते?"

"खरं सांगू? गोळ्यांनी या फिट बहुतेक थांबतात. या प्रकारातली पुष्कळ मुलं मोठी होताना यातून बाहेर येतात. पण लक्ष लगेच ताळ्यावर येईल असं वचन मी देणार नाही. काही मुलांना फिट थांबल्यावरही कष्ट पडतात. धीराने अभ्यास घ्यावा लागेल. आळशी म्हणायचं नाही, मठ्ठ म्हणायचं नाही. आणि गोळी एकही दिवस चुकवायची नाही."

मग आबासाहेबांनी चप्पल टेबलावर ठेवली. "आणि हिचं काय?"

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. हसल्या नाहीत, याबद्दल मला आजही त्यांच्याविषयी आदर आहे.

"मघाशी फिट थांबली तेव्हा ही कुठे होती?"

"रॅकवर."

"मग थांबवली कोणी?"

"हे माझं मत नाही," आबासाहेबांनी सुरुवात केली, आणि चप्पल टेबलावरून खाली घेतली.

परतीच्या बोटीत चप्पल त्यांनी पायातच ठेवली. मांडवा दिसू लागल्यावर म्हणाले, "प्रोफेसर, माझ्या सत्काराला टाळ्या वाजल्या त्या किती वेळ वाजल्या असतील?"

"बराच वेळ."

"तेवढा वेळ मला काहीच ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले.

गोळी सुरू झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. थांबणं कमी होत होत बंद झालं. गणित केलं तरी चप्पल येत नाही अशी खात्री पटायला मनूला जरा जास्त वेळ लागला. शुभांगी रोज तिला जवळ घेऊन बसायची. पाढा सुटला तर पहिल्यापासून, आवाज न चढवता. आबासाहेब खिडकीबाहेर उभं राहून ऐकत आणि मनू अडखळली की स्वतःच ओठ हलवत. पुष्कळदा त्यांचं उत्तर चुकलेलं असे.

मनू सुधारली हे गावाने पाहिलं आणि एकमताने श्रेय चपलेला दिलं. घरचीच चप्पल, मग काय. एका सकाळी नामदेव खुशीत आला.

"आबासाहेब, तुमच्या मनूला गुण आला ना, मंग आमीपन दीक्षाची गोली बंद केली. उगा कशाला पोट जालायचा? तुमी हाव ना."

आबासाहेब पायरीवरून उठले. दीक्षाला सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आपल्या चपलेबरोबर आणखी कोणी काम करत असेल अशी शंकाही त्यांना आली नव्हती. त्याच आठवड्यात दीक्षा विहिरीच्या काठाशी पडली. आतल्या बाजूला पडली नाही, एवढंच.

शाळेच्या बक्षीस समारंभाला आबासाहेब अध्यक्ष होते. ते उठले आणि त्यांनी त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण केलं. "माझ्या चपलेत काही नाही. फिट आपली आपण थांबते. मनू गोळीने बरी झाली. कुणी गोळी बंद करू नका."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "केवढा मोठेपणा. श्रेयसुद्धा घेत नाही." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"टाळ्या वाजवू नका," आबासाहेब हात वर करून म्हणाले. "टाळ्या हाच रोग आहे."

हे वाक्य फारच खोल आहे असं वाटून लोकांनी आणखी जोरात वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी निळ्या रबरी चपला घालायला सुरुवात केली. चामड्याची कुठे आहे विचारलं तर सांगत, कुत्र्याने खाल्ली. ते खरंही होतं. त्यांनीच कुत्र्याला दिली होती. याचा परिणाम एवढाच झाला की लोक त्या कुत्र्याशी अदबीने वागू लागले. एका बाईने त्याला पेढा आणून दिला.

तेव्हा आबासाहेबांच्या लक्षात आलं असावं की गावाच्या श्रद्धेतून सुटका नाही, तिला फार तर वळण देता येईल. त्यांनी कोट पुन्हा चढवला. रोज सकाळी नामदेवच्या घरी जाऊन खुर्ची मागायचे, बसायचे आणि म्हणायचे, "आण गोळी. माझ्यासमोर." दीक्षाला पूर्वेकडे तोंड करून बसवायचे. नामदेवच्या बायकोने तांब्या भरून द्यायचा. गोळी गिळून झाली की ते मान हलवायचे आणि उठायचे. हळूहळू ज्या ज्या घरी पूर्वी चप्पल गेली होती त्या घरी हा कार्यक्रम सुरू झाला. कुठे फिट आलीच तर आबासाहेब अध्यक्षाच्या आवाजात गर्दी मागे हटवत. "कुशीवर करा. तोंडात काही घालायचं नाही, काही हुंगवायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना." आणि रबरी चपला बाजूला काढून पोराशेजारी जमिनीवर बसत.

"पूर्वेकडे कशाला?" मी विचारलं. माझ्याच्याने राहवलं नाही.

"त्यांना काहीतरी करायला हवं, प्रोफेसर. नुसती गोळी फार लहान दिसते."

मी इतकी वर्षं अंधश्रद्धेवर व्याख्यानं दिली. माझ्यामुळे एका माणसाने एक गोळी खाल्ल्याचं ऐकिवात नाही.

आबासाहेब आता नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मांडव्याच्या जेट्टीवर. मनू तोवर आठवीत गेली होती. डॉक्टरबाईंनी तिची गोळी कमी करत करत बंद केली होती, आणि त्यानंतर एकदा तिला दाखवून यायचं होतं. शुभांगी तिकिटं काढायला गेली होती. आबासाहेब बाकावर बसले होते, बरेच वाळलेले, कोट अंगाला मोठा झालेला. मनू कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभी होती. मी त्यांच्या शेजारी बसलो, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते.

मनू हलत नव्हती. हातात चिक्कीचा तुकडा होता, तोंडाकडे जाता जाता थांबलेला.

"मनू," आबासाहेब म्हणाले.

ती हलली नाही. त्यांचा हात बाकाच्या कडेवर घट्ट झाला. मी तिच्या पापण्या बघायचा प्रयत्न केला, पण ती पाठमोरी होती.

"मनू."

"आजोबा, मी विचार करत्येय," ती मान न वळवता म्हणाली.

"कसला?"

"तुम्हाला नाही सांगणार."

आबासाहेब मागे टेकले. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगणार नाही म्हणते."

बोट लागली. दोर बांधला गेला, लोक उठून पुढे सरकू लागले आणि कठड्यापाशी गर्दी झाली. आबासाहेब काठी टेकत उठले आणि वाटेत आडवे उभे राहिले. एका गृहस्थाने पिशवी पुढे करून विचारलं, "आजोबा, काय झालं? पुढे चला की."

"थांबा जरा," आबासाहेब म्हणाले. "तिचा विचार व्हायचाय."